परड्यातल्या बार्बेक्यूला थंडीचा आडोसा

बेळगावात आपण पावसाळ्याची तयारी मनापासून करतो आणि हिवाळ्याची मात्र करतच नाही. मृग लागण्यापूर्वी कौलांची डागडुजी होते, जळण आत घेतले जाते, ताडपत्र्या बांधल्या जातात. दसरा झाला की त्या सोडून, धुऊन, घडी करून माळ्यावर टाकल्या जातात. ज्यांच्या परड्यात बार्बेक्यूची शेगडी आहे, तेही याच पंचांगाने चालतात. जून ते सप्टेंबर शेगडी घट्ट झाकलेली असते आणि दिवाळीच्या सुमारास तिच्यावरचे आवरण निघते ते थेट वळवाच्या पहिल्या सरीपर्यंत. वास्तविक पावसाळ्यात आपण ती पेटवतही नाही. ती पेटते कार्तिकापासून माघापर्यंत, म्हणजे नेमक्या त्या दिवसांत, जेव्हा तिच्यावर रात्रभर दव पडते, पहाटे धुके उतरते आणि पूर्वेकडचा कोरडा वारा निखाऱ्यांना स्वस्थ बसू देत नाही. म्हणून उघड्यावरच्या शेगडीला खरा आडोसा हवा तो हिवाळ्यात, आणि तो पावसाळ्याच्या आडोशापेक्षा निराळ्या रीतीने बांधावा लागतो, हे मला येथे सविस्तर सांगायचे आहे.

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत येथील रात्रीचे तापमान १५ अंशांच्या खाली उतरते आणि दुपारी ते पुन्हा तिशीच्या जवळ जाते. हे आकडे ऐकून उत्तरेकडचा माणूस याला थंडी म्हणणार नाही. परंतु लोखंडाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती दिवस आणि रात्र यांच्यातील ही तफावत. निरभ्र रात्री उघड्यावरची धातूची वस्तू आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही अधिक गार होते. तिचा पृष्ठभाग एका ठरावीक मर्यादेखाली गार झाला की हवेतील बाष्प त्याच्यावर पाणी होऊन बसू लागते. पहाटे विजेरी घेऊन परड्यात गेल्यास हे डोळ्यांनी पाहता येते. झाकणावर बारीक दाणेदार पाणी असते आणि बोट फिरवताच त्याचा ओघळ होतो. पायांच्या अँगलच्या खोबणीत पाणी साचलेले असते. आणि जाळी खालून पाहिली तर प्रत्येक सळीच्या पोटाला थेंबांची एक रांग लोंबत असते. सकाळी नऊपर्यंत उन्हाने हे सारे सुकते आणि दुसऱ्या रात्री पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. लोखंड सतत ओले राहण्यापेक्षा असे रोज ओले-सुके होणे त्याला अधिक जाचते. खानापूर आणि जांबोटीच्या बाजूला, जंगलाच्या कडेला, हा त्रास सर्वांत जास्त आहे. अथणी-रायबागकडे दव कमी, पण वारा अधिक मोकळा.

दवावर उपाय सोपा आहे, कारण दव पावसासारखे वरून पडत नाही. शेगडी आणि आकाश यांच्यामध्ये काहीही आडवे आले, तर शेगडीची उष्णता आकाशाकडे तितकी जात नाही आणि ती दव धरण्याइतकी गार होत नाही. आंब्याखाली लावलेली मोटारसायकल सकाळी कोरडी असते आणि अंगणात लावलेली भिजलेली असते, ते याच कारणाने. म्हणजे केवळ छप्पर घातले तरी निम्मे काम होते. अडचण अशी की आपल्याकडे छप्पर म्हटले की मनात पत्राच येतो, आणि हिवाळ्यात पत्र्याला घाम फुटतो. रात्री पत्रा स्वतः गार होतो, त्याच्या पोटाला बाष्प धरते आणि पहाटे त्याचे टपोरे, गंजाने पिवळसर झालेले थेंब नेमके खालच्या शेगडीवर ठिबकतात. पत्र्याला भरपूर उतार दिल्यास हे थेंब पोटाला चिकटून खालच्या कडेपर्यंत घरंगळत जातात, मध्येच सुटत नाहीत. उतार थोडा असेल तर मात्र सुटतात. मला विचाराल तर शेगडीवरच्या छपराला कौलांसारखे दुसरे काही नाही. मातीचे कौल थोडी ओल स्वतःत शोषून घेते, पत्र्याइतके पटकन गार होत नाही, ठिणगीने पेटत नाही, आणि दोन कौलांच्या सांध्यांतून धूर हळूहळू वर निघून जातो. खानापूरच्या मातीची कौले आणि विटा आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. जुने घर पाडून स्लॅबचे घर बांधणाऱ्यांकडे मंगळुरी कौलांचे ढीग पडून असतात आणि ती विचारली तर आनंदाने देतात. पंधरा-वीस चौरस फुटांच्या मांडवाला लागणारी कौले अशी सहज मिळून जातात.

छप्पर जाळीच्या किती वर असावे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. माझ्या परड्यात ते जमिनीपासून सुमारे दहा फुटांवर आहे आणि त्याहून खाली ते आणू नये, असेच मी सांगेन. मटणाची चरबी निखाऱ्यावर गळली की ज्वाळा एकदम वर येते, आणि ती वाशांपर्यंत पोहोचण्याची शक्यताही राहता कामा नये. उसाच्या पाचटाचे किंवा गवताचे छप्पर ढाब्यावर शोभून दिसते, पण पौष महिन्यात ते इतके वाळलेले असते की एक ठिणगी त्याला पुरते. हिरवे शेडनेटही आगीजवळ वितळते. घराच्या भिंतीपासून, कपडे वाळत घालण्याच्या दोरीपासून आणि विशेषतः कडब्याच्या गंजीपासून शेगडी दूर असणे हे आडोशाच्या आधीचे काम आहे. चुकीच्या जागेला आडोसा करून काही उपयोग नाही.

आता राखेविषयी, कारण गंजाचे दुसरे कारण तीच आहे आणि तिच्याकडे फारच थोड्यांचे लक्ष असते. लाकडाच्या आणि कोळशाच्या राखेत क्षार असतात, ते हवेतील ओल ओढून घेतात आणि धरून ठेवतात. उन्हाळ्यात तळाशी आठवडाभर राहिलेली राख भुरभुरीत असते. हिवाळ्यात तीच राख दोन रात्रींत दमट होऊन तळाच्या पत्र्याला लेपासारखी चिकटते. त्यात मसाल्यातील मीठ उतरलेले असते. शेगडीचा तळ आधी गळतो, बाजू नंतर, याचे कारण हेच. म्हणून थंडीच्या दिवसांत राख दुसऱ्या सकाळी काढलीच पाहिजे, भले त्या दिवशी पुन्हा शेगडी पेटणार असो. मात्र राखेच्या पोटात निखारे बारा तासांनीही जिवंत असू शकतात, त्यामुळे ती झाकणाच्या लोखंडी बादलीत काढावी, बादली दगडावर ठेवावी आणि पूर्ण गार झाल्यावरच केळीच्या किंवा नारळीच्या आळ्यात टाकावी. प्लास्टिकच्या घमेल्यात किंवा पालापाचोळ्याच्या ढिगावर ती कदापि टाकू नये.

जाळी बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, असेल तर तिची निगा निराळी ठेवावी लागते. आपल्या उद्यमबागेत ओतकामाचे कारखाने असल्याने बेळगावात बीडाची चांगली जड जाळी करून मिळते आणि ती वाऱ्यातही उष्णता धरून ठेवते, म्हणून हिवाळ्यासाठी मला तीच पसंत आहे. परंतु बीड गंजते झपाट्याने. स्वयंपाक संपल्यावर जाळी गरम असतानाच तारेच्या ब्रशने घासून तिला शेंगतेलाचा अगदी पातळ हात द्यावा. उष्णतेने ते तेल तिच्यावर घट्ट बसते आणि त्याचा काळा थर ओल आत जाऊ देत नाही. तेल जास्त झाले तर मात्र ते चिकट राहते आणि त्याच्यावर धूळ बसते. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी स्वस्त मिळते आणि गंजत नाही, म्हणून काही जण ती वापरतात. ती वापरू नये. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळते, निखाऱ्यांची उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते, आणि तापलेल्या जस्ताचा धूर अन्नालाही नको आणि श्वासालाही नको. मांडवाच्या खांबांना जस्ताचा पाइप चालेल, अन्नाखाली चालणार नाही.

शेगडीवर थेट घालायच्या आवरणाबद्दल एकच गोष्ट सांगतो. कोमट शेगडीवर ताडपत्री टाकून चहूबाजूंनी दोरी आवळली, तर आतली ओल आतच कोंडते आणि सकाळी शेगडी उघड्यावर ठेवली असती त्यापेक्षा अधिक भिजलेली सापडते. आवरण घालायचे तर पूर्ण गार झाल्यावर, राख काढल्यावर, आणि खालून हवा खेळेल असे वीतभर वर उचलून घालावे. वर छप्पर असेल तर कोरड्या थंडीत आवरणाची गरजच पडत नाही. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आपल्याकडेही दोन-तीन दिवस आभाळ भरून अवकाळी पाऊस येतो, तेवढ्यासाठी ताडपत्री हाताशी असावी.

एवढे झाले तरी अर्धेच काम झाले, कारण दव हा शेगडीचा शत्रू आहे आणि वारा हा स्वयंपाकाचा. पावसाळ्यात आपला वारा पश्चिमेचा असतो आणि आपली घरे, पडव्या, झडपा या सगळ्यांची रचना त्या पश्चिमेच्या झडीला तोंड देण्यासाठी झालेली असते. हिवाळ्यात वारा उलटतो आणि पूर्वेकडून, पठारावरून, कोरडा येतो; घराची ती बाजू उघडी असते. त्यातही शहरात दोन घरांमधल्या बोळातून येणारा वारा चिंचोळा होऊन जोर धरतो आणि परड्यात नेमका कुठल्या कोपऱ्यातून घुसेल, हे दिशेच्या ज्ञानाने कळत नाही. त्यासाठी संध्याकाळी, ज्या वेळी शेगडी पेटते त्या वेळी, चिमूटभर कोरडी राख हातातून सोडून पाहावी आणि ती परड्याच्या निरनिराळ्या जागी सोडून पाहावी. आडोसा बांधण्याआधी हे काही संध्याकाळी केले म्हणजे कुठे काय बांधायचे ते आपोआप ठरते.

वाऱ्याने नेमके काय बिघडते, तेही पाहिले पाहिजे. ज्या बाजूने वारा लागतो त्या बाजूचे निखारे भडकून लवकर राख होतात आणि पलीकडचे अर्धवट पेटलेले धुमसत राहतात. वरून जाणारा गार वारा तुकड्याच्या वरच्या बाजूची उष्णता काढून घेतो, त्यामुळे खालून करपलेले आणि आतून कच्चे असे कोंबडीचे तुकडे ताटात येतात, आणि कच्ची कोंबडी हा आरोग्याचा प्रश्न आहे, केवळ चवीचा नव्हे. कोळसाही उन्हाळ्यापेक्षा जास्त लागतो. झाकण असलेल्या शेगडीत हा त्रास बराच कमी होतो, फक्त तिचे खालचे हवेचे दार वाऱ्याच्या तोंडाला येणार नाही असे तिला फिरवून ठेवावे.

येथे बहुतेक जण पूर्वेला पत्र्याची भिंत उभी करतात, आणि तो उपाय अपुरा आहे. भक्कम, बिनफटीच्या भिंतीवरून वारा उडी मारून पलीकडे खाली आपटतो आणि तिच्या पाठीशी गिरक्या घेऊ लागतो. शेगडी त्या गिरकीत सापडली की धूर कधी या तोंडावर तर कधी त्या तोंडावर येतो. त्याऐवजी ज्यातून थोडा वारा गाळून येतो असा आडोसा असावा. निम्म्याच्या आसपास फटी असलेला पडदा वाऱ्याचा जोर मोडतो, पण गिरकी उठू देत नाही, आणि त्याच्या उंचीच्या कित्येक पट अंतरापर्यंत त्याचा निवारा मिळतो. अथणीकडे द्राक्षबागेभोवती शेवरीची रांग लावतात, तिचे तत्त्व हेच आहे. मी बुरुडाकडून बांबूच्या कामट्यांच्या तट्ट्या करून घेतल्या. त्या सांगायला गेलो तेव्हा फटींविषयी मी काही बोलण्यापूर्वीच तो वयस्कर कारागीर म्हणाला, “दादा, गच्च विणून दिली तर वारा तुमची तट्टीच घेऊन जाईल. बोटभर फट सोडूनच विणतो बघा.” बांबू शेगडीपासून पाच-सहा फुटांवर असावा, त्याहून जवळ नको, आणि शेगडीच्या लगत काही हवेच असेल तर कमरेइतक्या उंचीचा, तीन बाजूंचा विटांचा कठडा करावा. या कठड्याला जांभ्याचा चिराही चालतो, पण चिऱ्यात पाणी मुरते. पावसाळ्यानंतरची पहिली आग म्हणून मंद आणि लहान ठेवावी, म्हणजे आतले पाणी हळूहळू निघून जाते. एकदम मोठा जाळ केला तर वाफेने दगडाच्या कपच्या उडतात.

आपल्या भागात थंडीत उघड्यावर भाजण्याची विद्या बार्बेक्यूच्या कितीतरी आधीपासून आहे आणि तिने हे सर्व प्रश्न सोडवलेले आहेत. शाळूचा हुरडा भाजायची आगटी जमिनीत खड्डा करून करतात. शेण्यांचा जाळ खाली बसतो, वारा वरून निघून जातो आणि कणसे गरम राखेत एकसारखी भाजली जातात. चिकोडी-निपाणीकडचे उसाचे गुऱ्हाळ पाहावे. चुलवाण जमिनीखाली, वर उंच छप्पर, बाजू मोकळ्या, आणि काहिलीची वाफ व धूर कुठेही न कोंडता बाहेर. त्या छपराखाली माणसे रात्रभर काम करतात आणि कोणाचेही डोके जड होत नाही. परड्यातल्या मांडवासाठी याहून चांगला नमुना मला तरी माहीत नाही.

हे मी आवर्जून लिहितो, कारण थंडी वाढू लागली की आडोशाची हळूहळू खोली होते. आधी पूर्वेची बाजू बंद होते, मग उत्तरेची, मग मुले गारठतात म्हणून तिसऱ्या बाजूला ताडपत्री सोडली जाते. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ आणि गुंगी ही त्याची लक्षणे जेवणानंतरच्या सुस्तीसारखीच वाटतात, आणि धोका तिथेच आहे. धूर दिसत नाही म्हणजे हवा चांगली आहे, असे मुळीच नाही. लाल, स्वच्छ दिसणाऱ्या निखाऱ्यांतूनही हा वायू निघतच असतो. म्हणून किमान दोन बाजू कायम मोकळ्या ठेवाव्यात. गारठा वाटला तर अंगावर घोंगडे घ्यावे, पण मांडव बंद करू नये. आणि जेवण आटोपल्यावर उरलेल्या निखाऱ्यांची शेगडी ऊब म्हणून झोपण्याच्या खोलीत, गॅरेजमध्ये किंवा दारे लावलेल्या पडवीत कोणीही, कोणत्याही कारणाने आणू नये. घरात म्हातारी माणसे आणि लहान मुले असतात. एवढी एक गोष्ट पाळली गेली तरी हा लेख लिहिल्याचे समाधान मला मिळेल.

गॅसवर चालणाऱ्या बार्बेक्यूला आडोसा देताना एक फरक लक्षात ठेवावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून आडोसा खालून मोकळा असावा. तट्टी जमिनीपासून फूटभर वर बांधावी. वारा शेगडीच्या पाठीमागून येत असेल तर झाकणाखालची गरम हवा पुढे बटणांकडे आणि नळीकडे ढकलली जाते, त्यामुळे शेगडी वाऱ्याला आडवी लावावी. वाऱ्याने बर्नर विझला आणि गॅस चालूच राहिला, तर लगेच काडी ओढू नये. बटण बंद करून, झाकण उघडून, गॅस पांगेपर्यंत थांबावे. बेळगावच्या थंडीत सिलिंडर गोठण्याचा प्रश्न येत नाही, कारण गॅसमधील ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास उकळते आणि प्रोपेन तर उणे ४२ अंशांना. जास्त वेळ मोठ्या आचेवर चालवल्यास सिलिंडर स्वतःच गार होऊन त्याच्या अंगावर पाणी धरते, एवढेच.

कोळशाला वेगळा निवारा लागतो. कोळसा हवेतील ओल शोषतो, आणि परड्यात पोत्यात ठेवलेला बाभळीचा कोळसा दवाच्या दिवसांत पेटायला वेळ घेतो, धूर करतो आणि तडतडून ठिणग्या उडवतो. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, विटांवर ठेवलेला कोळसा मात्र माघातही पहिल्या काडीला धरतो. आपल्या पश्चिम भागातल्या लाल मातीतील रताळी बाजारात येतात त्या दिवसांत याचे महत्त्व कळते, कारण रताळे भाजायला जाळ नको असतो, तासभर टिकणारा शांत निखारा हवा असतो, आणि तो कोरड्या कोळशाखेरीज व वारा मोडल्याखेरीज मिळत नाही. सालीवर करपल्याचे डाग पडण्याआधी त्यातून पाक झिरपू लागला, तर निखारा बरोबर आहे असे समजावे.

होळीच्या सुमारास दव थांबते आणि दुपारनंतरचा वारा हळूहळू पश्चिमेकडून वाहू लागतो. त्या वेळी पूर्वेच्या तट्ट्या सोडून, दोन दिवस उन्हात उभ्या ठेवून, पश्चिमेच्या खांबांना बांधाव्यात. खांबांना दोन्ही बाजूंनी आकडे आधीच लावून घेतले असतील तर हे काम एका माणसाच्या हाताने होते. वळवाचे ढग दिसू लागले की तट्ट्या उतरवून पडवीत आडव्या टांगाव्यात, भिंतीला टेकवून उभ्या ठेवू नयेत, कारण उभ्या बांबूचे जमिनीला टेकलेले टोक ओल धरते आणि पहिल्याच पावसाळ्यात कुजते.